गेनबाचा मेगर

उंबरटेक गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर एकदा पारावर कुणीतरी त्याला म्हणालं, "गेनबा, जरा थांब, आलोच." तो माणूस गप्पांत रमला आणि गेनबाला विसरून तसाच घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा पारावर तिथंच उभा. बायका पाण्याला येऊन गेल्या, एसटी येऊन गेली, पण गेनबा हलला नाही. थांब म्हटलं होतं ना? थांबला.

असा हा गेनबा पस्तिशी ओलांडली तरी बहिणीच्या घरी राहायचा. बहीण रत्ना अक्का. तिचा नवरा आत्माराम मिस्त्री. आसपासच्या सात गावांत वायरिंगचं काम करणारा, परवाना असलेला हा एकटाच माणूस. गेनबा त्याला दाजी म्हणायचा आणि त्याच्या हाताखाली शिडी धरायचा. शिडी मात्र तो छान धरायचा. सोड म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

वैशाखातल्या एका रविवारी दुपारी आभाळ कडाडलं आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शेवग्यावर वीज पडली. शेवगा उभा चिरला. आत्माराम तेव्हा शिडीवर होता. तो दचकला, शिडीवरून खाली आला, पण पायऱ्यांवरून आला नाही. पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. गेनबा शिडी धरूनच उभा होता, तिला त्यानं हलूसुद्धा दिलं नव्हतं.

आता झालं असं, की शेवग्यालगतच्या चार घरांची लाइट वीज कचेरीनं तोडून टाकली. वीज पडली की वायरीच्या अंगावरचं रबर, मिस्त्री लोक त्याला इन्सुलेशन म्हणतात, ते आतल्या आत फाटतं, वितळतं. वरून कळत नाही. म्हणून प्रत्येक घराची वायर तपासायची, अहवाल लिहायचा, तो तालुक्याच्या कचेरीत द्यायचा, मग लाइट. आणि आत्मारामचा परवाना नेमका त्याच आठवड्यात, शुक्रवारी संपत होता. कचेरीतले साहेब फोनवर म्हणाले होते, "मिस्त्री, चार घरांचा अहवाल आणा आणि नवा परवाना घेऊन जा. शुक्रवार गेला की आमच्या हातात काही नाही."

परवाना गेला तर मिस्त्री गेला. मिस्त्री गेला तर घर गेलं. रत्ना अक्का देवापुढं हात जोडून बसली. आत्माराम छताकडं बघत पडला. शेवटी त्यानं सुस्कारा टाकला आणि हाक मारली.

"गेनबा, हिकडं ये. मेगर उचल."

मेगर म्हणजे एक पेटी. बाजूला फिरवायचा दांडा, वर काचेखाली काटा, आणि दोन लांब वायरी, त्यांच्या टोकाला चिमटे. चिमटे लावून दांडा गरगर फिरवला की पेटी आपल्या पोटातली वीज वायरीत ढकलून बघते. रबर शाबूत असलं तर काटा वर चढतो. रबर गेलेलं असलं तर काटा शून्यावर. एवढंच. ह्यात न समजण्यासारखं काही नाही, असं आत्मारामला वाटलं. बिचाऱ्याला.

"हे बघ. घरात शिरलास की पयला मेन बंद कर. समदे बल्ब काढ. पंखा, टीव्ही, जे जे लावलेलं आसंल ते वायरीवरनं काढ. मग मेगर लाव. काटा वर आला तर वायर चांगली. कळलं?"

"कळलं दाजी. ध्यानात ठेवलं."

सोमवारी गेनबा शेवंताकाकूंच्या घरी गेला. मेन बंद केला. सगळे बल्ब काढले. पंखे काढले. टीव्ही काढला. मेगर लावला, दांडा फिरवला. काटा झोकात वर. गेनबानं कागदावर लिहिलं, 'काकूंची वायर चांगली', आणि घरी आला. खांद्याला पोतं. पोत्यात आठ बल्ब, दोन पंखे आणि एक टीव्ही.

मागोमाग काकू पदर खोचून दारात. "मिस्त्री, तुझा मेव्हणा वायर तपासाया आलाता का घर लुटाया?"

आत्मारामनं कपाळावर हात मारला. "आरं, काढलं ते परत लावायचं आसतं!"

"तुमी काढाया सांगितलं, दाजी. लावाया सांगितलं न्हाई."

"मग आता सांगतो. जे जे काढशील, ते निघताना जिथं व्हतं तिथं परत लाव. एक खिळासुदिक इकडचा तिकडं होता कामा न्हाई."

"हा दाजी. ध्यानात ठेवलं."

आणि गेनबानं ध्यानात ठेवलं म्हणजे ठेवलं.

मंगळवारी विश्राम शिंप्याचं घर. विश्रामच्या शिलाई मशीनला मोटर होती आणि मोटरीला जाणारी वायर भाजलेल्या पापडासारखी काळी, फुगलेली. गेनबानं मेगर लावला. काटा शून्यावरून हलेना. त्यानं ती वायर सोडवून काढली, उजेडात नेऊन पाहिली, विश्रामला दाखवली. दोघांनीही माना हलवल्या. वायर गेली ह्याबद्दल दोघांचं एकमत झालं. मग गेनबानं ती जिथं होती तिथं परत लावली, स्क्रू घट्ट आवळले, बल्ब लावले, पंखा लावला.

"आता बघा काका, जरा बी फरक पडलेला न्हाई," असं म्हणून त्यानं कचेरीनं उपसलेलं फ्यूजसुद्धा होतं तिथं बसवलं आणि मेन चालू केला.

फाट्‌! फ्यूजच्या खोक्यातून आणि मशीनच्या वायरीतून निळा जाळ निघाला. विश्राम टेबलाखाली गेला. मशीनवर पाटलीणबाईंचं अर्धं शिवलेलं झंपर होतं, ते एका बाहीचं होतं, आता बिनबाहीचं झालं.

आत्मारामनं दोन्ही हात कपाळावर मारले. "आरं, जळकी वायर परत लावत्यात व्हय?"

"तुमी सांगितलं तस्संच केलं, दाजी. जिथं व्हती तिथं."

"ऐक. नीट ऐक. जळकं, काळं काय दिसलं की ते परत लावायचं न्हाई. काढायचं, उकिरड्यावर नेऊन टाकायचं. घरमालक नको म्हणंल, वरडंल, रडंल. ऐकायचं न्हाई."

"हा दाजी. ध्यानात ठेवलं."

विश्रामची जळकी वायर टाकून नवी लावून झाली. तिसरं घर भागूबाईचं. भागूबाई खाणावळ चालवायची. लाइट नसली तरी चूल होती, म्हणून खाणावळ बंद नव्हती. बुधवारी सकाळी गेनबा गेला तेव्हा ती मागच्या दारी कोथिंबीर निवडत होती. गेनबानं बल्ब काढले, मेगर लावला, काटा वर, बल्ब परत लावले. सगळं अगदी शिस्तीत. निघणार, इतक्यात त्याचं लक्ष चुलीकडं गेलं.

कढई. काळीकुट्ट.

तिच्याशेजारी तवा. त्याच्याशेजारी आमटीचं पातेलं, बूड जळून कोळसा झालेलं. चुलीत भरताची वांगी, त्यांची तर कातडीच करपून सुटलेली. गेनबानं वाकून नीट बघितलं. एवढी वीज पडली घरावर आणि बिचाऱ्या बाईला पत्ता नाही!

त्यानं कढई उचलली, तवा उचलला, पातेलं उचललं, आमटीसकट. वांगी धोतराच्या सोग्यात घेतली. चार फेऱ्यांत सगळं उकिरड्यावर. भागूबाई धावत आली, ओरडली. गेनबा ऐकेना, ओरडतील हे त्याला आधीच सांगितलेलं होतं. ती रडली, तर त्याचा विश्वास आणखीच पक्का झाला. शेवटी त्याला फळीवर एक डबी दिसली. उघडली, तर आत नुसती काळी भुकटी. मिश्री होती ती. भागूबाईनं स्वतःच्या हातानं तव्यावर भाजलेली, आठवड्याची.

तीसुद्धा गेली उकिरड्यावर.

भागूबाईनं कढईची माफी दिली असती. आमटीचीही दिली असती. पण मिश्रीची नाही. तिनं लाटणं घेतलं आणि गेनबाला थेट आत्मारामच्या खाटेपर्यंत पोचवलं.

आत्मारामला आता कपाळावर हात मारायचाही कंटाळा आला होता. दोन दिवस राहिले होते. मोडलेला पाय ठणकत होता आणि डोळ्यांपुढं परवाना दिसत होता.

"गेनबा, काळं दिसतंय म्हणून वाईट नसतं रं. आन गोरंगोमटं दिसतंय म्हणून चांगलं नसतं. डोळ्यावर जाऊ नको. कुणी काय सांगतंय त्याच्यावर तर मुळीच जाऊ नको. मेगर लाव. मेगर सांगंल ते खरं आन तेच कागदावर लिव. मंग समोर कुनीबी आसूंदे."

"कुनीबी आसूंदे. हा दाजी. ध्यानात ठेवलं."

चौथं घर सरपंचांचं. बाळाजीराव सरपंच पंधरा वर्षं सरपंच होते आणि मध्ये बायकांची राखीव पाळी आली तेव्हा सरपंचांच्या बाई सरपंच होत्या, म्हणजे तेव्हाही तेच होते. गोरेपान, कपडे बगळ्यासारखे पांढरे. गुरुवारी गेनबानं त्यांचं घर तपासलं. काटा भर्रकन वर. सगळं जिथल्या तिथं लावलं, काळ्या कढईकडं पाहिलंसुद्धा नाही. मला खरंच वाटतं, त्या दिवशी गेनबाकडून कामात तसूभर चूक झाली नव्हती.

ओट्यावर पाच-सहा माणसं नेहमीप्रमाणं सरपंचांची हांजी हांजी करत बसली होती. त्यांच्यादेखत सरपंच म्हणाले, "लिही रं गेनबा. घर एक नंबर. आन घरमालक बी एक नंबर!"

माणसं हसली. गेनबा मात्र लिहिता लिहिता थांबला.

"घराला मेगर लावलाय. तुमाला कुठं लावलाय?"

"काय?"

"अंगठे द्या, सरपंच."

आजवर सरपंचांनी गावाचे अंगठे घेतले होते, त्यांचा कुणी मागितला नव्हता. गंमत वाटून त्यांनी दोन्ही अंगठे पुढं केले. गेनबानं चिमटे लावले आणि दांडा गरागरा फिरवला.

सरपंच ओट्यावरून उडाले. टोपी एकीकडं, चष्मा दुसरीकडं, आणि तोंडातून जो शब्द निघाला तो इथं लिहिण्यासारखा नाही. गेनबानं काट्याकडं पाहिलं. शून्य.

आता मेगर कुठल्याही माणसाला लावा, काटा शून्यावरच जाणार. माणसाच्या अंगातून वीज वाहते, त्याला रबर नसतं. हे वायरिंगमधल्या कुणालाही ठाऊक असतं, म्हणून तर ते गेनबाला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं कागदावर सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: 'घर चांगलं. सरपंच शून्य. आतून पार गेलेले. बदलावे लागतील.'

संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावानं काही ना काही निमित्त काढून तो कागद वाचला. ग्रामसभेचा कागद गावानं कधी इतक्या आवडीनं वाचला नव्हता. विश्राम शिंपी तर दोनदा वाचून गेला आणि झंपराचं काही बोलला नाही.

आत्मारामच्या तोंडचं पाणी पळालं. "आरं, ह्यो कागद साहेबाच्या टेबलावर जाणार व्हता! सरपंचानं एक फोन केला तर माझा परवाना गेला!"

"मेगर म्हणाला तेच लिवलं, दाजी."

आत्मारामनं खाटेवर पडल्या पडल्या नवा कागद घेतला आणि चार घरांचा स्वच्छ अहवाल स्वतःच्या हातानं लिहिला. खाली सही केली. मग गेनबाला जवळ बसवून हळू आवाजात म्हणाला, "ह्याच्यापुढं शून्य आला तर बोभाटा करायचा न्हाई. लिवायचं तर मुळीच न्हाई. मेन बंद करायचा, कुलूप घालायचं, चावी खिशात टाकायची आन गुमान घरी यायचं. दुरुस्ती काय करायची ते मी बघंन. आता उद्या कचेरीत जायचं, ह्यो कागद साहेबाला द्यायचा, परवाना घ्यायचा."

"हा दाजी."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं गेनबा तालुक्याला गेला. मेगर गळ्यात होताच, तो ठेवून जा असं कुणी म्हटलं नव्हतं.

वीज कचेरीत त्या आठवड्यात आनंदीआनंद होता. कारण हजेरीचं अंगठा लावायचं मशीन बंद पडलं होतं. कोण कधी आलं, कधी गेलं, कुणाला कळायचा मार्ग नव्हता. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा तो येई, आणि बहुतेकांना फारसं वाटत नसे. योगायोगानं त्या दिवशी अकराच्या अकरा माणसं हजर होती, कारण कुणाच्या तरी बढतीचे पेढे होते.

दारातल्या शिपायाला गेनबानं विचारलं, "साहेब हायत का?"

"आहेत. आज सगळेच आहेत," शिपाई पेढा खात म्हणाला. "फार चांगली माणसं आहेत आमच्याकडची. जा आत."

गेनबा उंबऱ्यात थबकला. "चांगली? तपासली व्हती का?"

"तपासली म्हणजे?"

"अंगठे घेऊन." आणि गेनबानं पेटी दाखवली.

शिपायाच्या घशात पेढा अडकला. पेटी, काटा, चिमटे, अंगठे. तो धावत आत गेला आणि कुजबुजला, "हजेरीचं नवं मशीन आलंय. वरून माणूस आलाय. सगळ्यांना अंगठा द्यायचाय!"

कचेरीत मेगर आजवर कुणी पाहिला नव्हता, तिथं नुसते अहवाल येत. कुणी पेढा टेबलाच्या खणात लपवला. एकानं सकाळपासून मिटलेली फाईल उघडली. आणि गेनबानं काही म्हणायच्या आत सगळे रांगेत उभे राहिले, साहेब सगळ्यांत पुढं.

गेनबानं साहेबांना चिमटे लावले, दांडा फिरवला. साहेब वीतभर उडाले, पण दात आवळून हसले. वरून आलेली गोष्ट होती. "वा," ते थरथरत म्हणाले, "यंत्र फार कडक आहे. असंच पाहिजे."

शून्य.

हेडक्लार्क. शून्य. रोखपाल. शून्य. मीटर वाचणारे दोघं, शून्य आणि शून्य. रांगेत कुणी "आई गं" म्हणालं, कुणी देवाचं नाव घेतलं, तक्रार मात्र एकानंही केली नाही. शेवटी शिपाई. शून्य.

गेनबाला फार वाईट वाटलं. सगळ्या तालुक्याला लाइट देणारी कचेरी, आणि आतून पार गेलेली. एक माणूस धड नाही. पण बोभाटा करायचा नव्हता, लिहायचं नव्हतं. त्यानं अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. दाराजवळचा मेन बंद केला. पंखे घुं घुं करत थांबले. मग तो बाहेर आला, दार ओढलं, कडीला लटकलेलं कुलूप लावलं, त्यातली चावी काढून खिशात टाकली आणि गुमान घरी आला.

"परवाना?" आत्माराम खाटेवर अर्धा उठून बसला.

"तो ऱ्हायला, दाजी. आधी शून्य आला."

"कुनाचा?"

"अक्रा जणांचा. साहेब धरून. म्हणून मेन बंद केला, कुलूप घातलं." गेनबानं चावी खाटेवर ठेवली. "दुरुस्ती तुमी बघणार व्हता ना?"

"आन ती माणसं?"

"ती आतच हायती की."

आत्मारामनं चावी मुठीत घेतली. रत्ना अक्कानं तोंडाला पदर लावला. मग मिस्त्रीनं कुबडी मागवली, प्लास्टरचा पाय सावरत माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये चढला आणि गेनबाला शेजारी बसवला. चार वाजत आले होते. वाटेत त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षं खांबावर चढून, शॉक खाऊन कमावलेलं नाव त्याचं. तो म्हणाला, "गेनबा, तुझ्या पाया पडतो. साहेबापुढं तोंडातनं वेडंवाकडं काय काढू नको. साहेब काय बी म्हणाला तरी फकस्त 'होय साहेब'. दुसरा शब्द न्हाई."

"होय साहेब. हा दाजी. ध्यानात ठेवलं."

कचेरीच्या दारापाशी दोन-चार माणसं कामासाठी येऊन, कुलूप पाहून परत गेली होती. कुणाला त्यात नवल वाटलं नव्हतं. आत्मारामनं कुलूप काढलं, दार लोटलं आणि मार खायच्या तयारीनं डोळे मिटले.

आतून साहेबांचा आवाज आला, "लाइट आली का?"

अकराही जण घामानं निथळत आपापल्या जागी बसले होते. दिवसभरात एकानंही दाराला हात लावून पाहिला नव्हता. नवं मशीन आलेलं असताना साडेपाचच्या आधी दाराकडं जाणार कोण? आणि लाइट गेली तर ती येईपर्यंत बसायचं असतं, हे वीज कचेरीतल्या माणसांना काय शिकवायचं?

आत्मारामला रडू की हसू कळेना. त्यानं हळूच मेन चालू केला. पंखे फिरले. कचेरीनं टाळ्या वाजवल्या.

साहेबांनी गेनबाला पाहिलं आणि खुर्ची दिली. "या, या, बसा. मिस्त्री, तुमची ओळख आहे वाटतं वरच्या माणसांशी? बोलला नाहीत कधी! मीही दिवसभर अंधारात तुमचंच काम करून ठेवलंय." टेबलावर नवा परवाना भरून तयार होता. नुसता शिक्का राहिला होता. आत्मारामच्या जिवात जीव आला.

साहेबांनी शिक्का हातात घेतला आणि अदबीनं गेनबाकडं वळले. "उंबरटेकची चारही घरं तपासली गेली?"

"होय साहेब."

"वायरिंग ठीक आहे?"

"होय साहेब."

"आमच्या कचेरीबद्दल वर चांगलंच कळवाल ना?"

"होय साहेब."

साहेब खुलले. इतकी चांगली तपासणी त्यांच्या नोकरीत झाली नव्हती. शिक्का शाईच्या डबीवर दाबत, थट्टेनं आत्मारामकडं डोळा मारत ते म्हणाले, "मग काय, ह्या एका पायाच्या मिस्त्रीचा परवाना रद्द करून टाकू की काय?"

"होय साहेब."

साहेबांचं हसू थांबलं. शिक्का हवेत राहिला.

"खरंच रद्द?"

"होय साहेब."

"साहेब, त्याचं ऐकू नका, तो माझा..." आत्माराम कुबडी टाकून पुढं झेपावला.

"तुम्ही मध्ये बोलू नका, मिस्त्री," साहेब दरडावून म्हणाले आणि पुन्हा गेनबाकडं झुकले. "कायमचा?"

"होय साहेब."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी वरून आलेल्या गोष्टीचं कारण कधी विचारलं नव्हतं. त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला, खणातून दुसरा, लाल शाईचा काढला, आणि परवान्याच्या बरोबर मधोमध हाणला.

गेनबा आनंदानं दाजीकडं वळला. "दाजी, आज तरी तुमी सांगितलं तस्संच झालं का न्हाई?"